लँकेस्टरची शेपटी : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वाचनालयाच्या बालविभागात माझं एक मॉडेल ठेवायचं, हा सहा वर्षांचा रिवाज झालाय. आजवर सगळी प्लॅस्टिकची तयार किट जोडून दिली. स्पिटफायर, हरिकेन, गेल्या वर्षी आपलं नॅट. मुलं येतात, ताशी वेग विचारतात, बॉम्ब कुठे लावायचे ते विचारतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. मुलांचं काही चुकत नाही. बंद विमान समोर ठेवलं तर ती बाहेरूनच बघणार.

यंदा उघडं विमान करायचं. तेही अख्खं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बरची फक्त शेपटीकडची बाजू, उभी चिरून आतलं दिसेल अशी. १२-१३ जून १९४४ च्या रात्री उत्तर फ्रान्सवर त्या एवढ्याशा जागेत जे घडलं तेवढंच दाखवायचं. येत्या जूनमध्ये त्याला ८० वर्षं होतील.

माणूस: अँड्र्यू मिनार्स्की, वय २७, गाव विनिपेग, कॅनडा. काम: विमानाच्या पाठीवरच्या टरेटमधला गनर. विमान: केबी ७२६, बाजूला रंगवलेली अक्षरं व्हीआर-ए.

टरेट म्हणजे बंदूकवाल्याची फिरती, काचेरी कोठडी. मुलांसाठीच्या पाटीवर हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं.

१८ फेब्रुवारी

आराखडा सुरू. लँकेस्टर साधारण २१ मीटर लांब. १:२४ प्रमाणात अख्खं केलं तर ८८ सेंटिमीटर होईल. मला हवाय तो तुकडा पस्तीसेक सेंटिमीटरचा. सांगाडा तीन मिलिमीटरच्या प्लायवूडचा, वरची कातडी पुठ्ठ्याची. माणसं सात-साडेसात सेंटिमीटर उंच येतील, म्हणजे करंगळीहून थोडी मोठी.

पुढून मागे क्रम असा: आधी पाठीवरचा टरेट, त्यात दोन मशीनगन. गनर कॅनव्हासच्या झोळीवर बसायचा, पाय विमानाच्या पोटात लोंबकळत. त्याच्यामागे उजव्या कुशीला आत-बाहेर करायचं दार. मग जमिनीपासून वर आलेला आडवा तुळईसारखा भाग, ज्याच्यावर शेपटीचे आडवे पंख पेललेले असतात. तो ओलांडून पलीकडे जायचं. जागा निमुळती होत होत शेवटी मागचा टरेट, त्यात चार मशीनगन आणि एक माणूस, बाकीच्या सहाजणांकडे पाठ करून बसलेला.

मागच्या दारापासून त्या टरेटपर्यंत दहा-पंधरा फूट. माझ्या मॉडेलमध्ये वीत-दीड वीतसुद्धा नाही. पेन्सिलीनं हे अंतर आखताना हात थोडा थांबला.

आणखी एक, हे आराखड्यात येत नाही पण पाटीवर यायलाच हवं. टरेटमध्ये इतकी कमी जागा की पॅराशूट अंगावर बांधून बसता येत नसे. ते बाहेर, विमानाच्या पोटात अडकवून ठेवलेलं. उडी मारायची तर आधी टरेटमधून बाहेर यायचं किंवा हात बाहेर घालायचा, पॅराशूट घ्यायचं, छातीवर अडकवायचं आणि मग निघायचं.

३ मार्च

आज माणसाबद्दल जमवलेलं एकत्र लिहून काढलं.

जन्म १४ ऑक्टोबर १९१६, विनिपेग. आईवडील पोलंडहून आलेले. अँड्र्यू सोळा वर्षांचा असताना वडील गेले. घर चालवायला तो चामड्याच्या कामाला लागला आणि चार वर्षं तेच केलं. १९४१ मध्ये कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. आधी वायरलेस ऑपरेटर व्हायचं ठरलं होतं, कॅलगरीच्या वायरलेस शाळेत पाठवलंही, पण मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संदेशलिपीची, टिकटिक काही त्याच्या हाताला बसेना. मग गनरच्या प्रशिक्षणाला धाडलं. १९४२ च्या शेवटी गनर झाला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला पोचला.

१९४४ मध्ये तो ४१९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीत, होता. या स्क्वाड्रनला ‘मूस’ म्हणत. मूस हे तिकडचं सांबरासारखं मोठं जनावर, पण नाव पडलं ते पहिल्या कमांडरच्या टोपणनावावरून, आणि तो कमांडर १९४२ मध्येच मोहिमेवरून परतला नव्हता. तळ मिडलटन सेंट जॉर्ज, इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यात. आज तिथे नागरी विमानतळ आहे.

त्याच्या विमानात सातजण. पायलट आर्थर डी ब्रेन. शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी. हे दोघे गनर एकमेकांचे जिवलग. ब्रॉफी आधी अधिकारी झाला, मिनार्स्की नंतर. सैन्यात अधिकारी आणि बाकीचे यांची राहायची-जेवायची सोय वेगळी. रात्री निरोप घेताना मिनार्स्की टाचा जुळवून मित्राला कडक सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, “गुड नाइट, सर.” दोघांमधली थट्टा होती ती.

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्या दिवशी पुढचं काम केलं नाही.

१० मार्च

माझा पुतण्या कॅनडात मिसिसागाला असतो. त्याला सांगितलं होतं की हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयात उडू शकणारं लँकेस्टर आहे, जमलं तर जाऊन ये. साऱ्या जगात आज अशी उडती दोनच उरली आहेत, एक इंग्लंडात आणि एक हे. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली होती. हॅमिल्टनचं विमान १९८८ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा आकाशात गेलं, आणि त्यावर केबी ७२६ चीच अक्षरं रंगवली आहेत, व्हीआर-ए. त्याला मिनार्स्कीचंच नाव दिलंय.

मूळ केबी ७२६ बांधलं गेलं माल्टनला, व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या कारखान्यात. तिथे एकूण ४३० लँकेस्टर झाली. पुतण्या म्हणाला, “काका, माल्टन म्हणजे इथला एअरपोर्टच की. तुम्हाला घ्यायला मी तिथेच आलो होतो.” २०१७ मध्ये मी त्या धावपट्टीवर उतरलो होतो, सामान घेतलं, गाडीत बसलो. काही माहीत नव्हतं.

त्यानं मागच्या दाराशी उभं राहून एक मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवला. उजेडातसुद्धा आत काळोख. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उघड्या बरगड्या, त्यांवरून गेलेल्या तारा आणि नळ्या. शेवटी त्यानं कॅमेरा शेपटीकडे वळवला. तोच तुकडा मी पंधरा-वीस वेळा पाहिला असेन. माणसाला सरळ उभं राहून जाता येणार नाही, वाकूनच जावं लागेल. मी बरगड्या फार सुबक, समान आखल्या होत्या. सगळ्या खोडून पुन्हा काढल्या.

२४ मार्च

टरेट फिरवायचा कसा यावर महिनाभर अडलो होतो. नातीनं सोडवलं. ती आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनची नळी वापरून जेसीबीचा हात केला होता. एक सिरिंज दाबली की नळीतलं पाणी ढकललं जातं आणि दुसरीकडचा दट्ट्या बाहेर येतो. लँकेस्टरच्या टरेटमध्ये तत्त्व हेच, पाण्याऐवजी तेल. आणि तेलाला दाब द्यायचे पंप विमानाच्या इंजिनांवर चालणारे.

म्हणजे इंजिन थांबलं की दाब गेला, दाब गेला की टरेट जिथे असेल तिथे अडकला. मग उरतो हाताने फिरवायचा दांडा.

नळीला मध्ये एक चाप बसवलाय. मुलानं सिरिंज दाबली की मागचा टरेट वळेल. चाप लावला की कितीही दाबा, हलणार नाही. पाटीवर दहा ओळी लिहून जे कळलं नसतं ते अंगठ्याला कळेल.

संध्याकाळी सोसायटीत होळी पेटली. नेहमीप्रमाणे बायका नैवेद्य दाखवून मागे सरल्या, पोरं बोंब मारत गोल फिरली. मी मुद्दाम होळीपासून अंतर मोजत उभा राहिलो. पंधरा फुटांवर ठीक वाटत होतं. दहावर चेहरा तापला. सात-आठ फुटांवर डोळे आपोआप मिटले आणि पाय मी न सांगता मागे आले. उघड्या अंगणात, चार लाकडं आणि गोवऱ्यांची होळी. बंद पत्र्याच्या नळीत पेटलेल्या तेलापाशी काय होत असेल?

७ एप्रिल

सकाळी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन आलो. मिनार्स्कीची कबर फ्रान्समध्ये आमियाँजवळ मेआरिकूर गावच्या स्मशानात आहे, तिथे मी जाणं कठीण. पण तिथल्या आणि खडकीच्या कबरींची निगा एकच आयोग राखतो. खडकीत दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात जिथे जिथे कायमची निगा राखणं शक्य नव्हतं तिथून आणून इथे पुरलेले.

माळी पाणी घालत होता. मी हवाई दलातल्यांची नावं शोधत रांगांतून फिरलो. हुद्दा, नाव, तारीख, वय. हिशेब करायची सवय जात नाही. प्रत्येक ठिकाणी त्या वयातून माझं नोकरीला लागतानाचं वय वजा करत राहिलो. मी बोर्डवर पहिली ड्रॉइंग काढली तेव्हा एकवीसचा होतो.

घरी आल्यावर आकडे काढून ठेवले. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ज्या दलाखाली ही बॉम्बर विमानं उडत त्यात, विमानात बसून गेलेले साधारण १,२५,०००. त्यांतले मेले ५५,५७३. शेकडा ४४. एका फेरीला ३० मोहिमा करायच्या असत, तेवढ्या झाल्या की विश्रांती. मिनार्स्कीची आणि त्याच्या सोबत्यांची त्या रात्री तेरावी होती.

२१ एप्रिल

आकृत्या. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील. चेहरे करायचे नाहीत, नाक आणि हनुवटी एवढीच खूण. पण हात नीट यायला हवेत, कारण सगळी गोष्ट हातांची आहे.

गनर रेशमाचे पातळ हातमोजे घालायचे, त्यावर विजेच्या तारांनी ऊब देणारे, त्यावर चामड्याचे लांब. मला त्या चामड्याच्या हातमोज्याच्या घड्या कशा पडतात ते कळेना. आमच्या कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी मऊ चामड्याचा तुकडा बोटांवर गुंडाळून मूठ वळून दाखवली. घडी सांध्यावर पडत नाही, सांध्याच्या जरा मागे पडते. मग विचारलं कशाला हवंय. मी सांगितलं की एक मुलगा होता, वडील गेल्यावर चामडं कापून घर चालवलं. मामा रापी बाजूला ठेवून म्हणाले, “मग हात तयारीचे असतील त्याचे. चामडं कापणाऱ्याचा पंजा बघा, पकड सुटत नाही.” त्यांनी पैसे घेतले नाहीत. तो तुकडाही दिला.

१ मे

सुट्टी. त्या रात्रीचा क्रम आज पूर्ण लावला. पाटीसाठी याचं सार काढायचंय, पण आधी सगळं इथे.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरून जेमतेम आठवडा झाला होता. जर्मनांची कुमक रेल्वेनं येऊ नये म्हणून रेल्वेची ठाणी उडवायची होती. त्या रात्री फ्रान्समधल्या अशा ठिकाणांवर एकूण ६७१ विमानं गेली. व्हीआर-ए ला उत्तर फ्रान्समधल्या कांब्रे गावचं रेल्वे यार्ड दिलेलं.

निघायच्या आधी सगळे विमानाजवळ गवतात बसले होते. मिनार्स्कीला चार पानांचा क्लोव्हर सापडला. आपल्याकडच्या आंबुशीसारखं असतं ते, तीन पानांचं. चार पानांचं क्वचित मिळतं आणि तिकडे ते भाग्याचं मानतात. त्यानं तो ब्रॉफीला देऊन टाकला.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर सर्चलाइटनं पकडलं, डी ब्रेननं विमान खाली मारून सुटका केली. पुढे खाली उतरत असताना मागून, पोटाखालून युंकर्स ८८ हे जर्मन लढाऊ विमान आलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली. डाव्या पंखात आग, आणि दोन टरेटांच्या मधल्या भागात आग. इंटरकॉम मुका झाला. डी ब्रेननं दिव्यानं खूण केली: मोर्समधला पी. पॅराशूटचा पी. ज्या मोर्समुळे मिनार्स्कीची वायरलेसची शाळा सुटली त्यातलंच एक अक्षर.

पुढच्या बाजूला काय झालं तेही मुलांना सांगणार आहे. बॉम्ब टाकणारा जॅक फ्रायडे खालची झडप उघडायला गेला; झडप वाऱ्यानं उसळून त्याच्या कपाळावर आदळली आणि तो बेशुद्ध पडला. फ्लाइट इंजिनिअर रॉय व्हिगर्सनं त्याला पॅराशूट अडकवलं आणि झडपेतून बाहेर ढकललं. फ्रायडे वाचला. लँकेस्टरची ती झडप २२ इंच बाय साडेसव्वीस इंच. आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीचं एक दारसुद्धा त्याहून मोठं आहे. त्यातून एका माणसानं दुसऱ्या बेशुद्ध माणसाला सोडलं, त्याच विमानात, त्याच मिनिटांत.

मागे मिनार्स्की टरेटमधून खाली उतरला होता. दाराशी होता. उडी मारायचीच होती. त्यानं शेपटीकडे पाहिलं तर ब्रॉफी अडकलेला. ब्रॉफीला टरेट आडवा वळवून पाठीमागे कोलांटी घेत बाहेर पडायचं होतं, पण तेलाचा दाब गेलेला, आणि हाताचा दांडा फिरवता फिरवता तुटून हातात आला.

मिनार्स्की आगीतून रांगत त्याच्याकडे गेला. कुऱ्हाडीनं टरेटवर घाव घातले. मग नुसत्या हातांनी ओढायला लागला. कंबरेपर्यंतचे कपडे पेटले, पॅराशूट पेटलं. टरेट हलला नाही. ब्रॉफी ओरडून, हातवारे करून त्याला परत जायला सांगत होता. शेवटी तो गेला. पाठ न फिरवता, ब्रॉफीकडे बघत, रांगत मागे मागे. दाराशी पोचल्यावर उभा राहिला, तसाच पेटलेला, सावधान होऊन सलाम केला. ओठ हलले. आवाज पोचणं शक्य नव्हतं, पण शब्द कोणते ते ब्रॉफीला माहीत होते.

१२ मे

कोणता क्षण दाखवायचा?

सलामाचा क्षण सगळे दाखवतात. तळाच्या जागी विमानतळावर २००५ मध्ये त्याचा पुतळा बसवलाय, तोही सलाम करतानाचा. पुतळ्याला ते शोभतं. पण माझ्या मॉडेलपुढे दहा वर्षांची मुलं उभी राहणार. त्यांना सलाम दाखवला तर ती सलाम ठोकून हसत निघून जातील.

मला त्याआधीचा क्षण हवाय. दाराशी उभा, एक हात दाराच्या चौकटीला, तोंड शेपटीकडे. बाहेर काळोख आणि जगण्याची संधी. तीही पक्की नव्हे, कारण या दारातून उडी मारली तर शेपटीच्या पंखावर आदळायचा धोका असे. तरी संधी होती. अजून तो वळलेला नाही, फक्त बघतोय.

दुसरा निर्णय: आग दाखवायची नाही. नारिंगी दिवे लावले तर छान दिसेल, आणि छान दिसणं मला नकोय. जमिनीवर, दार आणि टरेट यांच्या मध्ये, लाल रंगाचा पट्टा ओढायचा. बस.

तिसरा, यावर मी जास्त वेळ घालवला. विमान कशासाठी निघालं होतं हे पाटीवर लिहायचं की नाही. लिहायचं. त्याच्या पोटात बॉम्ब होते, आणि रेल्वे यार्डावर टाकलेले बॉम्ब भोवतीच्या घरांवरही पडत. त्या उन्हाळ्यात अशा हल्ल्यांत फ्रेंच माणसं मेली, आपल्याच मुक्तीसाठी आलेल्या विमानांखाली. आणि तशाच गावांतल्या माणसांनी व्हीआर-ए चे चारजण लपवून ठेवले, खाऊ घातलं, जर्मनांच्या हाती लागू दिलं नाही. सापडले असते तर त्या घरांना गोळ्या घातल्या असत्या. मुलांना हे झेपतं. आपण उगाच घाबरतो.

१९ मे

नातीनं आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर, दिवा बसवला. टिंब, रेघ, रेघ, टिंब. थोडं थांबून पुन्हा. टिंबापेक्षा रेघ तिप्पट लांब, हे तिनंच शोधून काढलं.

काम करता करता म्हणाली, “आबा, इंटरकॉम बंद होता, उरलेली दोन इंजिनं धडधडत होती, तर मागचा माणूस ‘परत जा’ म्हणाला ते याला ऐकू कसं आलं?”

आलं नसेल. टरेटच्या पारदर्शक भागातून दिसलं असेल. मग तिनं विचारलं की मागच्या माणसाचा हात तुम्ही मांडीवर का ठेवलाय. खरंच. मी ब्रॉफी नुसता बसलेला केला होता, जणू अडकलेल्या माणसाला काही करायचंच नसतं. हात कापून काढला आणि पुन्हा केला: पंजा उघडा, बाहेर ढकलणारा. जा. मरायला टेकलेला माणूस मित्राला घालवून देतोय.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कुठे सांगितली नाही. मी कारखान्यात असताना एकदा हायड्रॉलिक प्रेसमध्ये एका सहकाऱ्याचा हात अडकला. मी आठ पावलांवर होतो. मी स्विचकडे धावलो, आणि तेच बरोबर होतं, सगळे तसंच म्हणाले. त्याची दोन बोटं गेली, हात वाचला. पण धावण्याआधी मी काही क्षण नुसता उभा होतो. किती ते सांगता येत नाही. कोणी पाहिलं नाही. मिनार्स्कीबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुऱ्हाड नाही, सलाम नाही, मला तो दाराशी थांबलेला क्षणच दिसला. तो किती लहान असेल हेच मी इतकी वर्षं मोजतोय.

२ जून

दुसरी पाटी लिहिली: नंतर काय झालं.

लँकेस्टर ब्रॉफीला घेऊनच खाली आलं. पडताना एका झाडानं डावा पंख तोडला, विमान गरकन फिरलं, शेपटी तुटली आणि टरेटमधून ब्रॉफी बाहेर फेकला गेला. जिवंत. फ्रेंचांनी त्याला लपवलं, सप्टेंबरमध्ये तो लंडनला पोचला. फ्रायडे आणि व्हिगर्स जर्मनांच्या कैदेत गेले. सातातले सहा वाचले.

मिनार्स्कीला पेटलेल्या पॅराशूटसह खाली येताना फ्रेंच लोकांनी पाहिलं. तो त्यांना सापडला तेव्हा जिवंत होता. भाजल्यामुळे तो मेला.

म्हणजे त्यानं जे करायला घेतलं ते त्याला जमलं नाही, आणि ज्याच्यासाठी केलं तो भलत्याच कारणानं वाचला. पाटीचा पहिला मसुदा मी ‘मित्राला वाचवण्यासाठी प्राण दिले’ असा लिहिला होता. ओळ गुळगुळीत आहे, शाळेच्या फळ्यावर शोभेल. पण त्यात टरेट हलला नाही हे लपतं. नवी ओळ: ‘टरेट उघडला नाही. तो तिथे होता.’

आत काय घडलं याचा साक्षीदार एकच, ज्याला मिनार्स्की बाहेर काढू शकला नाही तो. ब्रॉफीनं सांगितलं म्हणून जगाला कळलं. डी ब्रेननं पाठपुरावा केला. ११ ऑक्टोबर १९४६ ला व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला, आणि डिसेंबरमध्ये विनिपेगला त्याच्या आईच्या हातात दिला. ब्रॉफी मेला असता तर मिनार्स्की हे मेआरिकूरच्या स्मशानातलं आणखी एक नाव राहिलं असतं, हुद्दा आणि तारखेसकट. ५५,५७३ मध्ये असे किती असतील ज्यांचा ब्रॉफी वाचला नाही?

९ जून

काल पाऊस असा कोसळला की रस्ते ओढे झाले. गॅलरीत ठेवलेला सांगाडा भिजला नाही पण दमट हवेनं उजव्या कुशीचा पुठ्ठा फुगला, दाराची चौकट वाकडी झाली. माझीच चूक, आतून व्हार्निश मारायचं राहिलं होतं. चौकट कापून काढली, पातळ अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून नवी केली. खरं विमान अॅल्युमिनियमचंच होतं, तेव्हा हे बरंच झालं. दिवसभर कानस आणि पॉलिश पेपर. बाहेरून काळा रंग, त्यावर मळकट लाल अक्षरांत व्हीआर-ए. माझ्या तुकड्यावर अक्षरांचा थोडाच भाग येतो.

१२ जून, रात्री

झालं. मागच्या टरेटच्या बाहेर पॅराशूट अडकवायची कडी ठेवली आहे, रिकामी, कारण ब्रॉफीनं आपलं पॅराशूट घेतलं होतं. कुऱ्हाड तिच्या जागेवर भिंतीला. ती अजून उचललेली नाही. दाराशी उभ्या आकृतीच्या डाव्या हाताला मामांच्या चामड्यातून कापलेला हातमोजा चढवला, तांदळाच्या दाण्याएवढा. चिमट्यानं, श्वास रोखून, तीनदा पडला. घडी सांध्याच्या मागे पडली आहे.

खोलीतला दिवा घालवून नातीचा लाल दिवा सुरू केला. टिंब, रेघ, रेघ, टिंब. बायकोनं दारातून विचारलं, झोपायचं नाही का. म्हटलं, थोडं थांब, आजची रात्र आहे. ती आली आणि शेजारी बसली. बराच वेळ काही बोललो नाही आम्ही.

१५ जून

शाळेचा पहिला दिवस, तरी दुपारनंतर वाचनालयात वीसेक मुलं आली. सिरिंज दाबायला रांग. चाप लावल्यावर टरेट हलेना तेव्हा एका मुलानं दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला, चेहरा लाल होईपर्यंत. त्याला वाटलं मॉडेल बिघडलं. मी सांगितलं, बिघडलेलंच आहे, तसंच करायचं होतं. त्यानं मग पाटी वाचली. सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर पुन्हा सिरिंज दाबली. चाप काढायला कोणाला सांगितलं नाही त्यानं, नुसताच दाबत राहिला.

एक लहान मुलगी दाराशी उभ्या आकृतीकडे वाकून बघत होती. म्हणाली, “हा कुठे चाललाय?” मी लाल पट्ट्यावरून बोट फिरवत मागच्या टरेटपर्यंत नेलं. तिनंही आपलं बोट तसंच फिरवलं, मग परत दारापर्यंत आणलं, मग पुन्हा मागे नेलं.

सोमवारी करायचं: नळीतलं पाणी बदलणे, एका बाजूला बुडबुडा आलाय. ब्रॉफीच्या हाताचा अंगठा सैल झालाय, एम-सील न्यायचं. पाटी दोन बोटं खाली लावायची, छोट्यांना वाचता येत नाही.